"जाणार कुठं?" म्हणत म्हणत घालवलेली माणसं

सांगलीत सॉफ्टवेअरचा धंदा करणाऱ्या कुठल्याही मालकाला विचारा की तुमच्याकडं माणसं का टिकत नाहीत, उत्तर ठरलेलं असतंय. पोरांना पुणं पाहिजे, पगार पाहिजे, हिंजवडीतल्या कंपनीचं आयकार्ड गळ्यात पाहिजे, आपण काय करणार. हे उत्तर मी सात वर्षं एका अशाच कंपनीत काम करत ऐकलंय आणि माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा ते खरं नसतं. मालक मुद्दाम खोटं बोलतो असं नाही, त्याला स्वतःला ते मनापासून पटलेलं असतं. पण जाणारा माणूस जाताना खरं सांगतच नाही, कारण नोकरी सोडल्याचं पत्र, रिलीव्हिंग लेटर, अजून हातात आलेलं नसतं, पीएफचं काम राहिलेलं असतं, आणि गाव एवढं लहान की उद्या परत विश्रामबागच्या चौकात चहाच्या गाड्यावर समोरासमोर यायचंय. मग तो म्हणतो, "सर, पुण्यात चांगली संधी आलीय, घरच्यांचा पण आग्रह आहे." सर मान हलवतात, आणि पोरांना पुणंच पाहिजे ही त्यांची समजूत अजून थोडी पक्की होते.

ज्याला पोरांना काय पाहिजे हे खरंच बघायचंय त्यानं रविवारी रात्री पुष्पराज चौकात नाहीतर विश्रामबागेत ट्रॅव्हल्स सुटतात तिथं जाऊन उभं राहावं. एका गाडीमागं दुसरी गाडी, सगळ्या पुण्याच्या. वडील स्कूटरवरून सोडायला आलेले, आईनं पिशवीत भडंग आणि दोन दिवस पुरेल असं काहीतरी भरून दिलेलं, आणि खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेला पोरगा खिडकीतून बघत बसलेला. त्या गाडीत मीही पुष्कळ वर्षं बसलोय. त्यातल्या सगळ्यांना परत यायचंय असं मी म्हणणार नाही, कित्येकांना खरंच पुणं आवडतं, बायकोची नोकरी तिकडं असते, पोरांच्या शाळा असतात. पण ज्यांना परत यायचंय, कमी पगारात यायचंय, तेही कमी नाहीत. मी २०१६ ला आलो तेव्हा जवळजवळ तीस टक्के पगार सोडून आलो आणि त्याचा मला एक दिवस पश्चात्ताप झाला नाही, कारण वाकडचं भाडं गेलं, रोजचे दोन-अडीच तास ट्रॅफिकमध्ये जायचे ते वाचले, आई-वडील जवळ आले.

म्हणजे बघा, सांगलीतल्या कंपनीला एक गोष्ट फुकटात मिळते जी पुण्याच्या कंपनीला कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही. माणसाला इथं राहायचंच असतं. तो कमी पगारात येतो, लगेच उडी मारत नाही, दहा-दहा वर्षं बसतो. वालचंद कॉलेज १९४७ पासून इथं आहे, म्हणजे शिकलेल्या माणसांची या गावाला कधी वाण नव्हती, वाण आहे ती त्यांना ठेवून घेणाऱ्या जागांची. आणि ज्या थोड्या जागा आहेत तिथले मालक या इथं राहण्याच्या ओढीचा अर्थ काय लावतात, तर "जाणार कुठं?" असा. हा प्रश्न मी मीटिंगमध्ये ऐकलाय, इन्क्रिमेंटच्या वेळी ऐकलाय, आणि एकदा तर एका चांगल्या पोरानं रजा मागितली तेव्हा तो केबिनच्या बाहेर पडायच्या आत ऐकलाय. दारात थांबलेला त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

आमची कंपनी दूध संस्थांसाठी आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायची. नाव लिहित नाही, गरज पण नाही. तेरा माणसं होतो. दूध संस्थेचं सॉफ्टवेअर म्हणजे बाहेरच्याला वाटतं की लिटर गुणिले दर, झालं. तसं नसतंय. सकाळ-संध्याकाळ संकलन, प्रत्येक सभासदाचं वजन वेगळं, फॅट वेगळी, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) वेगळा, गायीचं दरपत्रक वेगळं, म्हशीचं वेगळं, गायीला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून मूळ दर आणि तिथून पॉइंटमागं वाढ किंवा कपात. दर दहा दिवसांनी बिल. त्यातून पशुखाद्याचे पैसे कापायचे, उचल म्हणजे आधी घेतलेले पैसे कापायचे, काही संस्थांत पशुखाद्य आधी कापतात, काही ठिकाणी उचल आधी, आणि बिल कमी असेल तर काय पुढं ढकलायचं याचा प्रत्येक गावचा नियम वेगळा. दिवाळीला दरफरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावर मागाहून द्यायची जादा रक्कम. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ते सचिवाच्या डोक्यात असतंय, आणि आमच्याकडं ते एका माणसाच्या डोक्यात होतं. आमच्या सगळ्यात जुन्या डेव्हलपर, आम्ही त्यांना ताई म्हणायचो. पहाटे साडेपाचला संस्थेत जाऊन, काट्याशेजारी उभं राहून, सचिव कुठं अडतो, कुठं हातानं आकडा बदलतो, हे बघून त्या कोड लिहायच्या. आमच्या सॉफ्टवेअरला तालुक्यात नाव होतं ते त्यांच्यामुळं, मी हे त्यांच्या तोंडावर पण सांगितलंय.

२०१९ चा पूर आठवत असेल. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं ऑफिस तेव्हा गावभागाकडं तळमजल्यावर होतं. पाणी चढायला लागलं तसं कुणी कुणाला आदेश दिला नाही, चार पोरं आणि ताई आल्या, सर्व्हर आणि मशीनं टेम्पोत घातली आणि एका सहकाऱ्याच्या मिरजेतल्या दोन खोल्यांत नेऊन लावली. मागच्या दहा दिवसांची बिलं निघायची होती, ज्यांच्या गोठ्यात पाणी शिरलंय त्यांना ते पैसे त्याच आठवड्यात पाहिजे होते. बिलं निघाली. त्या पोरांपैकी दोघांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं. ओव्हरटाइम कुणी मागितला नाही, दिला पण नाही कुणी, आणि त्याबद्दल कुणाच्या मनात काही नव्हतं. मालकांनी पूर ओसरल्यावर सगळ्यांना घरी जेवायला बोलवलं, तेवढ्यावर माणसं खूश होती. अशी टीम पैशानं उभी राहत नाही.

तीच टीम तीन वर्षांनी चौदा महिन्यांत मोडली. तेरातले नऊ गेले, नववा मी.

२०२२ ला मालकांना वाटलं की आता कंपनी "प्रोफेशनल" करायची. इच्छा चुकीची नव्हती, खरं तर गरज होती, कारण आमच्यात शिस्त कमी होती, कागदपत्रं धड नव्हती, कोण काय करतंय हे कुठं लिहिलेलं नसायचं. त्यासाठी एक ऑपरेशन्स मॅनेजर आणले, मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीतून आलेले. माणूस वाईट नव्हता हेही सांगतो. पण त्यांना दूध संस्था म्हणजे काय माहिती नव्हतं आणि माहिती करून घ्यायची गरज त्यांना कधी वाटली नाही, सात वर्षांत पहिल्यांदा आमच्याकडं असा माणूस निर्णय घेत होता जो एकदाही संकलनाच्या वेळी संस्थेत गेला नव्हता. पहिल्या महिन्यात थंब मशीन आलं, साडेनऊच्या पुढं तीन वेळा आलं की अर्धा दिवस कट. ताई पहाटे संस्थेत जाऊन, घरी येऊन, डबा करून दहाला पोचायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांचा दीड दिवसाचा पगार कापला गेला. त्यांनी सांगितलं की मी पहाटे कामावरच होते, उत्तर आलं, "पॉलिसी सगळ्यांना सारखी."

मग सगळ्या मशीनवर एक सॉफ्टवेअर टाकलं, दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं आणि माउस-कीबोर्ड हलला नाही की "आयडल" लिहिणारं. आता सांगतो याचं काय झालं. एखाद्या सचिवाचा फोन आला की बिलात घोळ आहे, तर ताई वही पुढं घेऊन चाळीस-चाळीस मिनिटं त्याच्याशी बोलायच्या, त्याला एकेक आकडा वाचायला लावायच्या, आणि चूक कुठं आहे ते शोधायच्या. हे आमच्या कंपनीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम होतं. त्या सॉफ्टवेअरच्या हिशेबात ती चाळीस मिनिटं आयडल. महिन्याच्या शेवटी जो रिपोर्ट निघाला त्यात ताई खालून दुसऱ्या, आणि एक पोरगा वरून पहिला, जो दिवसभर टिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, बंद करायचा आणि तीच तक्रार परत आली की नवीन टिकिट उघडायचा. पोराला दोष देत नाही. आकडा मोजला जातोय म्हटल्यावर माणूस आकडा वाढवतो, शाळेतल्या पोरापासून कलेक्टर ऑफिसपर्यंत हेच होतं. पण बाकीच्यांनी ते बघितलं आणि दोन महिन्यांत कुणीच सचिवाशी दहा मिनिटांच्या वर बोलेना.

वर्षाच्या शेवटी बेल कर्व्ह आला. तेरा माणसांत. वरच्या दोघांना चांगलं इन्क्रिमेंट, मधल्यांना थोडं, आणि दोघांना "सुधारणा आवश्यक" द्यायचंच, मग ते कितीही चांगले असूदेत. ही पद्धत लाखभर माणसांच्या अमेरिकन कंपन्यांतून आलीय, आणि मायक्रोसॉफ्टनं स्वतः २०१३ ला ती बंद केली, कारण माणसं एकमेकांना मदत करेनात, शेजारचा खाली गेला तरच मी वर राहणार असं झाल्यावर कोण कशाला शिकवेल. तेरा माणसांच्या ऑफिसात, जिथं पुरात एकानं दुसऱ्याच्या घरात सर्व्हर लावला होता, तिथं ते काय करेल हे कळायला मॅनेजमेंटचा कोर्स करायची गरज नव्हती. आमच्याकडं डबा एकत्र खायची पद्धत होती. ती त्या मार्चनंतर मोडली, दोन टेबलं झाली.

पण या सगळ्यानंतरसुद्धा माणसं गेली नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. पगार कापला, फोटो काढले, खालचा नंबर दिला, तरी कुरकुर करत बसले होते, कारण घर जवळ होतं. मालकांना वाटलं, बघा, म्हटलं होतं ना. माणसं गेली ती त्यानंतरच्या एका मीटिंगमुळं.

झालं असं की मोठ्या दूध संघाचं काम मिळणार होतं आणि त्यांना नवीन दरपत्रकाची सोय दाखवायची होती. मार्केटिंगनं तारीख देऊन टाकलेली. ताई म्हणाल्या, उद्या २० तारीख आहे, ११ ते २० ची बिलं निघायचीत, दोन दिवस थांबू, बिलं गेली की २२ ला टाकू. त्यांचं म्हणणं एवढंच होतं. मॅनेजर म्हणाले, "डेट कमिट केलीय." टेस्ट सर्व्हर, म्हणजे बदल आधी तपासून बघायची जागा, दोन महिन्यांपूर्वी खर्च वाचवायला बंद केलेला, महिन्याला आठ हजार रुपये वाचत होते त्यात. सरळ लाइव्हवर, म्हणजे संस्था रोज वापरतात त्यातच टाकलं. नवीन दरपत्रक २० तारखेपासून लागू व्हायला पाहिजे होतं, ते ११ पासून लागलं, आणि चाळीसेक संस्थांची दहा दिवसांची बिलं सगळी नव्या दरानं निघाली. ज्याचं बिल चार हजार यायचं त्याचं साडेतीन हजार आलं. काही गावांत कागद छापून वाटून झाले होते. सकाळी सात वाजता संस्थेच्या दारात माणसं उभी, आणि सचिवाला काही सांगता येईना. दुधाच्या बिलावर ज्याचं घर चालतं त्याच्यासाठी पाचशे रुपये म्हणजे काय हे मला वेगळं लिहायला नको. ताई आणि दोन पोरं रात्रभर बसून दुरुस्ती करत होती, पहाटे त्या तशाच पलूसकडच्या दोन संस्थांत स्वतः गेल्या आणि सभासदांच्या पुढं उभ्या राहून हात जोडून सांगितलं की चूक आमची आहे, फरक आज जमा होईल.

दुपारी मीटिंग. मॅनेजरनी विचारलं, "टेस्टिंग कुणी केलं?" ताई म्हणाल्या, टेस्ट सर्व्हर बंद आहे, आणि मी आधीच थांबायला सांगितलं होतं. उत्तर आलं, "एक्सक्यूज नकोत, ओनरशिप पाहिजे." मालक तिथंच बसले होते. त्यांना सगळं माहिती होतं. पुरात टेम्पो कुणी भरला ते माहिती होतं, दरपत्रक कुणाच्या डोक्यात आहे ते माहिती होतं, आधी कोण काय बोललं तेही त्यांच्यासमोरच झालेलं. ते मोबाईलमध्ये बघत राहिले. आणि मी ताईंच्या शेजारच्या खुर्चीत होतो, टीम लीड होतो, मी पण काही बोललो नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, त्या दिवशी मी बोललो असतो तर काही बदललं असतं की नाही माहिती नाही पण त्या खोलीत त्या एकट्या पडल्या नसत्या.

तीन आठवड्यांनी त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं, वैयक्तिक.

त्या जायच्या आधीच बाकीच्यांनी बायोडाटा काढले होते. हे मालकांना कधी कळत नाही की एक माणूस जातो तेव्हा उरलेले त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघतात. पगार कमी आहे हे सगळ्यांनाच आधीपासून मान्य होतं, सगळे तो मान्य करूनच आलेले. थंब मशीनचा राग येतो आणि जातो. पण काम सगळ्यात चांगलं येणाऱ्या माणसानं आधी सांगितलं, ऐकलं नाही, त्यानं सांगितल्याप्रमाणंच झालं, आणि दोष त्यालाच दिला, हे एकदा डोळ्यानं बघितलं की इथं मन लावून काम करणं हाच धोका आहे असं वाटायला लागतं. मग दोनच प्रकारची माणसं उरतात, जी सोडून जातात आणि जी मन काढून घेऊन बसून राहतात. कंपनीच्या दृष्टीनं दुसरा प्रकार जास्त महाग पडतो, पण तो कुठल्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

महाग म्हणजे किती, ते पण बघू. नोटीस पिरियड तीन महिने. त्या तीन महिन्यांत ताईंनी दोन फ्रेशर पोरांना केटी दिलं, म्हणजे काम समजावून सोपवलं, मनापासून दिलं, पण सात-आठ वर्षं गोठ्यात आणि संस्थेत जाऊन कमावलेलं ज्ञान साठ-पासष्ट कामाच्या दिवसांत कसं द्यायचं. त्या गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत अकरा संस्थांनी सॉफ्टवेअर बदललं. वर्षाचं मेंटेनन्स गेलं, आणि त्या अकरा सचिवांनी शेजारच्या गावात काय सांगितलं असेल ते वेगळंच. मग घाईनं चार नवीन माणसं घेतली. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात आणखी माणसं घातली तर उशीर वाढतो, हे आयबीएममध्ये मोठं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सनं १९७५ सालीच लिहून ठेवलंय, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. आमच्याकडं तर शिकवायला जुनं कुणी राहिलं नव्हतं. मी हिशेब मांडून मालकांना दाखवला होता, टेस्ट सर्व्हरचे महिन्याचे आठ हजार म्हणजे वर्षाचे शहाण्णव हजार, आणि त्या एका रात्रीनंतर गेलेलं काम त्याच्या कित्येक पट. ते म्हणाले, "आता एआय आलंय, कोड तेच लिहितं, निम्म्या माणसांत चालेल." एआय मीही रोज वापरतो, चांगलं आहे, वेळ वाचतो. पण भिलवडीकडच्या अमुक संस्थेत पशुखाद्य आधी कापतात की उचल, हे त्याला कोण सांगणार. ज्याला माहिती होतं तो माणूसच आपण घालवला.

मोठ्या कंपन्यांतही माणसं जातात, नाही असं नाही. २०२२ ला इन्फोसिसचा सोडून जाणाऱ्यांचा वर्षाचा आकडा २८.४ टक्क्यांपर्यंत गेला होता, टीसीएसचा २१.५. पण ज्यांच्याकडं तीन-तीन, सहा-सहा लाख माणसं आहेत त्यांना शंभरातले पंचवीस गेले तरी मागं रांग उभी असते, कामाची पद्धत लिहून ठेवलेली असते, एका माणसावर सगळं अडत नाही. सांगलीतल्या तेरा माणसांच्या कंपनीनं त्यांची थंब मशीनं आणि बेल कर्व्ह उचलावेत आणि ती रांग मात्र नसावी, हे कसं चालायचं.

आणि "जाणार कुठं?" या प्रश्नाचं उत्तर २०२० नंतर बदललं, हे आपल्या मालकांच्या अजून लक्षात आलेलं नाही. आधी सांगलीत राहायचं असेल तर सांगलीतल्या कंपनीत राहावं लागायचं. लॉकडाउनमध्ये पुण्या-बेंगळुरूची पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली, फायबरचं इंटरनेट गल्लीबोळांत आलं, आणि घर न सोडता कंपनी सोडता येते हे सगळ्यांना कळलं. आमच्या नऊ जणांपैकी पुण्याला गेले फक्त तिघं. बाकीचे इथंच आहेत, कुपवाडात, मिरजेत, शंभर फुटी रोडला, आपापल्या घरातून बाहेरच्या कंपन्यांचं काम करतात. म्हणजे पोरांना पुणं पाहिजे होतं म्हणून गेली हे आमच्यापुरतं तरी आकड्यानिशी चूक आहे.

वाईट याचं वाटतं की मधल्या काळात सांगलीला केवढी संधी आली होती. टीसीएसनं ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला बोलवलं, ॲमेझॉननं जानेवारी २०२५ पासून तेच केलं, बाकीच्यांनी कमीजास्त दिवस ठरवले. तीन वर्षं आई-वडिलांजवळ राहिलेल्या, गावातच घराचं कर्ज काढलेल्या, इथल्या शाळेत पोरं घातलेल्या माणसांना एका ईमेलवर सांगितलं की या परत. माझ्या ओळखीतल्याच सहा-सात जणांनी तेव्हा सांगलीत काम शोधलं, दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेली माणसं, पगार कमी चालेल म्हणणारी. अशी माणसं एरवी जाहिरात देऊन मिळत नाहीत. त्यातल्या एकाची मुलाखत घेताना इथल्या एका मालकानं विचारलं, "तीन वर्षांचा बॉण्ड आणि ओरिजिनल मार्कशीटा जमा कराल का?" ज्याला विचारलं तो माणूस आता दर रविवारी ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातो.

बॉण्डबद्दल मालकांची बाजू मला कळते, खोटं कशाला बोलू. फ्रेशरला वर्षभर शिकवायचं, सहकारी संस्थांची बिलं मार्चशिवाय निघत नाहीत म्हणून स्वतः कर्ज काढून पगार करायचे, आणि तयार झालेला पोरगा दुप्पट पगारावर निघून जातो, याचा त्रास मी जवळून बघितलाय. सुप्रीम कोर्टानंही मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायची अट ग्राह्य धरली, कारण नोकरीत असतानाचं बंधन आणि नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडं काम करू न देणं या वेगळ्या गोष्टी आहेत असं कोर्टानं मानलं, आणि दुसऱ्या प्रकाराला कॉन्ट्रॅक्ट कायद्याचं कलम २७ आडवं येतं. म्हणजे वाजवी बॉण्ड कायद्यात बसू शकतो. पण पोराच्या दहावीपासूनच्या मार्कशीटा कपाटात कुलूप लावून ठेवायच्या, हा कुठला व्यवहार झाला? ज्याची कागदपत्रं तुम्ही अडवलीत तो पहिल्या दिवसापासून सुटायच्या तारखेची वाट बघत बसतो. बांधून ठेवलेलं जनावर पण दावं सैल झालं की पळतं, मग हा तर इंजिनिअर आहे.

आपल्याच जिल्ह्यात याच्या उलट करून दाखवलेलं उदाहरण आहे. १९१० ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळ कारखाना उभा केला तेव्हा तिथं निवडुंगाचं माळरान होतं, औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली म्हणून बेळगाव सोडून ते तिथं आले. पाणी नाही, घरं नाहीत, साप-विंचू. अशा ठिकाणी कोण टिकणार? पण माणसं आली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली, स्टेशनचं नावच पुढं किर्लोस्करवाडी झालं. त्यांनी कारखान्याबरोबर कामगारांची वस्ती पण उभी केली, माणूस इथं राहणार आहे हे धरून. तेव्हा मुंबईत गिरण्या नव्हत्या काय? जायला वाट होतीच. माळावर त्यांनी जे उभं केलं त्याच्या मानानं विश्रामबागेत एसी ऑफिस आणि घर-गाव सगळं आयतं असताना माणसं टिकवणं किती सोपं असायला पाहिजे.

मला मालकांकडून फार काही मोठं नको होतं, अजून पण नाही. पुण्याएवढा पगार कुणी मागत नाही. पण निर्णय घेणाऱ्या माणसानं महिन्यातून एकदा तरी पहाटे संस्थेत जाऊन उभं राहावं. ज्याला काम येतं त्यानं थांबा म्हटलं तर दोन दिवस थांबावं, आणि थांबायचं नसेल तर माझ्या जबाबदारीवर टाका असं लिहून द्यावं, म्हणजे चुकल्यावर ओनरशिप कुणाची हे मीटिंगमध्ये शोधत बसायला नको. सोडून जाणाऱ्याला रिलीव्हिंग लेटर आधी हातात द्यावं, सगळा हिशेब पूर्ण करावा, आणि मग दोन महिन्यांनी चहाला बोलवून विचारावं की खरं सांग, का गेलास. आमच्या नऊ जणांपैकी एकालाही असा फोन आलेला नाही.

ताई आता कुपवाडला घरातूनच काम करतात, पुण्यातल्या एका कंपनीचं, पगार जवळजवळ दुप्पट. मध्ये एका १० तारखेला रात्री त्यांच्याकडं गेलो होतो तर त्या फोनवर होत्या. पलूसकडच्याच एका जुन्या सचिवाचा फोन, बिल जुळत नाही, कंपनीत फोन केला तर कुणाला काही सांगता येईना, "ताई, तेवढं बघता का." त्यांनी वही घेतली, मला हातानंच बसायला सांगितलं, आणि त्याला एकेक आकडा वाचायला लावला. चाळीस मिनिटं लागली. पशुखाद्याची कपात दोनदा झाली होती.